रायफलीतील स्प्रिंग : केव्हा बदलावी?

अर्धस्वयंचलित रायफलीत नळी, बोल्ट आणि दस्ता या भागांकडे सर्वांचे लक्ष जाते. प्रत्यक्षात प्रत्येक फैरीनंतर तिला पुढच्या फैरीसाठी सज्ज करणारा भाग बाहेरून दिसतही नाही. तो म्हणजे पोलादी तारेची वेटोळी असलेली स्प्रिंग, जुन्या मराठीत जिला ‘कमान’ म्हटले जाई. नळी हजारो फैरी टिकते, बोल्ट त्याहूनही अधिक टिकतो; स्प्रिंग मात्र पहिल्या दिवसापासून झिजण्याच्या वाटेवर असते. तिची किंमत रायफलीच्या किमतीच्या तुलनेत नगण्य असते. ती वेळेवर न बदलल्यास होणारा परिणाम मात्र नगण्य नसतो.

कार्य कसे चालते?

अर्धस्वयंचलित रायफलीत चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. परंतु रिकामी पुंगळी बाहेर टाकणे, नवे काडतूस कक्षात भरणे आणि हॅमर पुन्हा ताणून ठेवणे ही कामे रायफल स्वतःच करते. त्यासाठी लागणारी शक्ती जळालेल्या दारूच्या वायूपासून मिळते. नळीला पाडलेल्या बारीक छिद्रातून थोडा वायू बाहेर येतो आणि दट्ट्याला किंवा बोल्ट वाहून नेणाऱ्या भागाला मागे ढकलतो. बोल्ट मागे जाताना मुख्य स्प्रिंग दाबली जाते आणि त्या दाबात ऊर्जा साठते. ही साठलेली ऊर्जाच बोल्टला पुन्हा पुढे नेते, मॅगझिनमधील काडतूस ओढून कक्षात बसवते आणि बोल्टला कुलूप घालते. थोडक्यात, मागचा प्रवास वायूचा आणि पुढचा प्रवास स्प्रिंगचा.

मुख्य स्प्रिंगशिवाय रायफलीत इतरही स्प्रिंगा असतात. पुंगळीची कड पकडणाऱ्या नखीची म्हणजे एक्स्ट्रॅक्टरची, पुंगळी बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरची, हॅमरची, चापाची आणि मॅगझिनची. या सर्वांचे आयुष्य सारखे नसते. आकाराने लहान, जास्त ताण सोसणारी आणि उष्णतेच्या जवळ असलेली स्प्रिंग आधी थकते. म्हणूनच एक्स्ट्रॅक्टरची चिमुकली स्प्रिंग मुख्य स्प्रिंगच्या आधी कुरकुर करू लागते.

स्प्रिंग थकते म्हणजे काय?

स्प्रिंगवरील भार आणि तिची होणारी वाढ वा घट यांचे प्रमाण स्थिर असते, हा नियम इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये स्पष्टीकरणासह प्रसिद्ध केला. शालेय पुस्तकांतील स्थितिस्थापकतेचा धडा येथूनच सुरू होतो. परंतु हा नियम एका मर्यादेपर्यंतच लागू असतो. त्या मर्यादेजवळ पुनःपुन्हा नेलेली किंवा तापलेली तार मूळ लांबीवर पूर्णपणे परतत नाही. स्प्रिंग किंचित आखूड होते. कारागिरांच्या भाषेत ती ‘बसते’.

दुसरा प्रकार म्हणजे धातूचा थकवा. हजारो वेळा दाबल्या-सुटल्यानंतर तारेच्या पृष्ठभागावरील एखाद्या ओरखड्यापासून किंवा गंजाच्या ठिपक्यापासून सूक्ष्म तडा सुरू होतो आणि एके दिवशी तार तुटते. बसलेली स्प्रिंग आधी लक्षणे दाखवते. तुटणारी स्प्रिंग बहुधा कोणतीही सूचना देत नाही. या कारणासाठी ‘लांबी ठीक आहे’ एवढ्यावर समाधान मानणे पुरेसे नसते.

उष्णतेचा वाटाही मोठा आहे. स्प्रिंगसाठी सर्रास वापरली जाणारी उच्च-कार्बन पोलादाची ‘म्युझिक वायर’ सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंतच भरवशाची मानली जाते. क्रोम-सिलिकॉन मिश्रधातूची तार सुमारे २४५ अंशांपर्यंत टिकाव धरते. त्यामुळे स्प्रिंग रायफलीत कोठे बसवली आहे यावर तिचे आयुष्य बरेचसे अवलंबून असते. नळीखालची स्प्रिंग तापते, दस्त्यातली थंड राहते.

‘एम-१ गॅरंड’चा धडा

या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे अमेरिकेची ‘एम-१ गॅरंड’ रायफल. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १८८८ मध्ये जन्मलेले जॉन गॅरंड यांनी स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेत ती घडवली आणि जानेवारी १९३६ मध्ये अमेरिकी लष्कराने ती स्वीकारली. संपूर्ण सैन्याचे प्रमाणित शस्त्र म्हणून अर्धस्वयंचलित रायफल देणारे ते पहिले मोठे लष्कर ठरले. दुसरे महायुद्ध आणि कोरियाचे युद्ध या रायफलीने पाहिले. १९५७ पर्यंत पन्नास लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या. त्यांपैकी पुष्कळशा आजही अमेरिकेतील नेमबाजांच्या हाती आहेत. त्या ‘सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम’ या संस्थेमार्फत तेथील नागरिकांना विकल्या जातात. साहजिकच सत्तर-ऐंशी वर्षे जुन्या स्प्रिंगा तपासण्याचा प्रश्न तेथे नित्याचा आहे.

गॅरंडच्या रचनेत एक वैशिष्ट्य आहे. तिची मुख्य स्प्रिंग नळीखाली आडवी असते आणि ती एकाच वेळी दोन कामे करते. तिचे पुढचे टोक ऑपरेटिंग रॉडला पुढे ढकलते, म्हणजेच बोल्ट मिटवते. मागचे टोक फॉलोअर रॉडला मागे रेटते, आणि त्याच्या तरफेतून आठ काडतुसांच्या क्लिपमधील काडतुसे वर उचलली जातात. इतर बहुतेक रायफलींत मॅगझिनची स्प्रिंग निराळी असते. गॅरंडच्या उत्तराधिकारी ‘एम-१४’मध्येही ती निराळीच आहे. गॅरंडमध्ये मात्र एकच स्प्रिंग थकली की दोन्ही कामे एकदम बिघडतात. बोल्ट पुढे येतो तेव्हा काडतूस पुरेसे वर आलेले नसते. मग बोल्ट त्याच्यावरून रिकामाच निघून जातो किंवा काडतूस अर्धवट अडकते.

नव्या गॅरंड स्प्रिंगची मोकळी लांबी सुमारे सव्वावीस इंच, म्हणजे साधारण ५१.४ सेंटीमीटर असते. ती १९ इंचांच्या, म्हणजे ४८.३ सेंटीमीटरच्या खाली गेली की बदलावी, असा तेथील जाणकारांचा सर्वमान्य दंडक आहे.

सव्वा इंच आखूड झाल्याने असे काय बिघडते, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर हुकच्या नियमात आहे. समजा, बोल्ट पूर्ण मागे असताना स्प्रिंग १० इंचांपर्यंत दाबली जाते आणि बोल्ट मिटलेला असताना ती १५ इंच असते. हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतलेले आहेत. नवी स्प्रिंग मागच्या टोकाला सव्वादहा इंच दाबली जाईल, तर १९ इंचांची जुनी स्प्रिंग नऊच इंच; म्हणजे जोर सुमारे १२ टक्क्यांनी घटला. पुढच्या टोकाला मात्र नवी स्प्रिंग सव्वापाच इंच दाबलेली राहील आणि जुनी चारच इंच. येथे घट जवळजवळ २४ टक्के होते. बोल्ट फिरून कुलूपबंद होण्याचा क्षण नेमका हाच. म्हणजे जेथे जोराची शेवटची गरज असते तेथेच थकलेली स्प्रिंग सर्वाधिक दगा देते. हाताने ओढून पाहिल्यावर ‘चांगली कडक वाटते’ ही तपासणी का फसवी असते, तेही यातून कळते. कारण हाताला जाणवतो तो मागच्या टोकाचा जोर.

‘एआर-१५’ आणि दस्त्यातील स्प्रिंग

दुसरे प्रसिद्ध उदाहरण ‘एआर-१५’ घराण्याचे. अमेरिकी लष्कराची ‘एम-१६’ आणि तिची आखूड बहीण ‘एम-४’ या स्वयंचलित मारा करू शकणाऱ्या आवृत्त्या. नागरी बाजारातील एआर-१५ अर्धस्वयंचलित. या रायफलीची मुख्य स्प्रिंग दस्त्यातील नळकांड्यात असते आणि तिच्यापुढे ‘बफर’ नावाचे वजन असते. नळीच्या उष्णतेपासून ती दूर असल्याने गॅरंडच्या स्प्रिंगपेक्षा तिची स्थिती सुखाची.

अमेरिकी लष्कराच्या देखभाल पुस्तिकांत या स्प्रिंगच्या मोकळ्या लांबीची मर्यादा ठरवून दिलेली आहे. लांब दस्त्याच्या रायफलीसाठी पावणेबारा ते साडेतेरा इंच, म्हणजे सुमारे २९.८ ते ३४.३ सेंटीमीटर. आखूड कार्बाइनसाठी १० पूर्णांक एक सोळांश ते सव्वाअकरा इंच, म्हणजे सुमारे २५.६ ते २८.६ सेंटीमीटर. स्प्रिंग किमान मर्यादेच्या खाली गेली की ती बाद. या दोन स्प्रिंगा एकमेकींच्या जागी घालू नयेत. दिसायला सारख्या वाटल्या तरी त्यांचा हिशेब वेगळा असतो. रायफलीची चांगली लांबी असलेली स्प्रिंग कार्बाइनमध्ये ‘अधिक चांगली’ ठरत नाही. ती चुकीची ठरते.

फैरींच्या संख्येचा विचार करता, एआर-१५ची मुख्य आणि एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग साधारण पाच हजार फैरींनंतर बदलण्याचा संकेत अनेक शस्त्र-कारागीर पाळतात. हा संकेत आहे, नियम नव्हे. सावकाश नेमबाजी करणाऱ्याची स्प्रिंग त्यापुढेही टिकेल. सतत जलद मारा करून रायफल तापवणाऱ्याची कदाचित त्याआधीच जाईल. आखूड नळीच्या रायफलीत वायूचे छिद्र कक्षाच्या जवळ असते, वायू अधिक दाबाने आणि लवकर येतो, आणि पुंगळी कक्षाला चिकटलेली असतानाच नखीला ती ओढावी लागते. एम-४ कार्बाइनसाठी अधिक जोराची एक्स्ट्रॅक्टर स्प्रिंग वापरात आणावी लागली ती यामुळेच.

व्हिएतनामचा कटू अनुभव

रायफलीच्या अंतर्गत वेळापत्रकाकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचा धडा अमेरिकेला व्हिएतनाममध्ये मिळाला. १९६६-६७ मध्ये तेथे पोहोचलेल्या एम-१६ रायफली ऐन चकमकीत अडकू लागल्या. पुंगळी कक्षातच रुतून बसे आणि सैनिकाला नळीच्या तोंडातून सळई घालून ती ठोकून काढावी लागे. शत्रूसमोर असे करण्याची वेळ आलेल्यांपैकी अनेक जण परतले नाहीत. अमेरिकी प्रतिनिधीगृहातील रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने १९६७ मध्ये याची चौकशी केली.

दोष एकट्या स्प्रिंगचा नव्हता, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. काडतुसातील दारूचा प्रकार बदलण्यात आला होता, त्यामुळे माऱ्याचा वेग निर्धारित मर्यादेपलीकडे गेला. कक्षाला क्रोमचा मुलामा नव्हता, त्यामुळे दमट हवेत तो गंजे. स्वच्छतेची साधने आणि प्रशिक्षण दोन्ही अपुरे होते. उपायांमध्ये क्रोमचा मुलामा, स्वच्छतेचे साहित्य आणि नव्या रचनेचा बफर यांचा समावेश होता. दारू, वायू, बफर, स्प्रिंग आणि नखी यांचा मेळ सेकंदाच्या अल्पांशात जमावा लागतो आणि त्यांतील एक बदलले तरी बाकीच्यांवर ताण येतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले. म्हणून रायफल अडकू लागली की पहिल्याच झटक्यात स्प्रिंगला दोष देणे जितके चूक, तितकेच तिला निर्दोष समजणेही चूक.

लक्षणे कोणती?

थकलेल्या मुख्य स्प्रिंगची लक्षणे पुढीलप्रमाणे असतात. बोल्ट पूर्ण मिटत नाही, किंवा शेवटचा अर्धा सेंटीमीटर हाताने ढकलावा लागतो. चाप ओढल्यावर हॅमर पडतो, पण गोळी सुटत नाही. काडतुसाच्या बुडावर हलकासा ठसा दिसतो. कारण हॅमरची शक्ती अर्धवट मिटलेला बोल्ट मिटवण्यातच खर्ची पडते. बोल्ट काडतूस न उचलता पुढे जातो. धक्का पूर्वीपेक्षा बोचरा वाटतो, कारण मागे येणाऱ्या भागांचा वेग पुरेसा रोखला जात नाही आणि ते शेवटी आदळतात. एआर-१५मध्ये पुंगळ्या पूर्वी उजवीकडे व किंचित मागे पडत असतील आणि आता पुढे फेकल्या जात असतील, तर तेही वेग वाढल्याचे चिन्ह असते.

पुंगळी कक्षातच राहणे हे मुख्य स्प्रिंगचे नव्हे, तर एक्स्ट्रॅक्टरच्या स्प्रिंगचे किंवा घाणेरड्या कक्षाचे लक्षण. मॅगझिनमधील शेवटची एक-दोन काडतुसे नीट वर येत नसतील, तर संशयित मॅगझिनची स्प्रिंग. अशा वेळी दुसरे मॅगझिन लावून पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी. हॅमरची स्प्रिंग थकली तर बोल्ट पूर्ण मिटलेला असूनही ठसा हलका उमटतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. स्प्रिंग, दारूगोळा आणि वंगण एकदम बदलले तर दोष गेला तरी तो कशाने गेला, हे कळत नाही.

मोजमाप कसे घ्यावे?

प्रथम मॅगझिन काढून, बोल्ट मागे घेऊन, कक्ष रिकामा असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटाने करावी. दाबलेली स्प्रिंग सुटताना उडते, म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. स्प्रिंग काढल्यावर जुने ग्रीस पुसून ती सपाट टेबलावर मोकळी ठेवावी. न ताणता, न दाबता टोकापासून टोकापर्यंत लांबी मोजावी. नंतर ती टेबलावर हलकेच लोळवावी. वाकडी झालेली स्प्रिंग डुलत जाते. वेटोळ्यांमधील अंतर एकसारखे आहे काय, कोठे चकाकी येईपर्यंत घासली गेली आहे काय, गंजाचे ठिपके आहेत काय, हे उजेडात पाहावे. गंजाचा खोल खड्डा, तडा किंवा वाकलेले टोक दिसल्यास लांबी योग्य असली तरी स्प्रिंग टाकून द्यावी.

नवी स्प्रिंग पहिल्या काही वापरांत किंचित आखूड होते आणि मग स्थिरावते. हे स्वाभाविक आहे. म्हणून नवी बसवल्यावर काही फैरींनंतरची लांबी नोंदवून ठेवली, तर पुढील तुलनेसाठी तो खरा आधार ठरतो. आकड्यापेक्षा कल महत्त्वाचा. वर्षानुवर्षे स्थिर असलेली स्प्रिंग अचानक आखूड होऊ लागली, तर मर्यादा गाठण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

काही गैरसमज

भरलेले मॅगझिन ठेवून दिल्याने त्याची स्प्रिंग मरते, हा जुना समज. योग्य रचनेची स्प्रिंग स्थिर दाबाखाली फारशी बिघडत नाही. ती थकते पुनःपुन्हा दाबल्या-सुटल्याने, किंवा क्षमतेबाहेर दाबली गेल्याने. कमी जागेत अधिक काडतुसे बसवलेल्या मॅगझिनांत मात्र स्प्रिंग मर्यादेच्या काठावर काम करते आणि तेथे सावधगिरी योग्य ठरते.

आखूड झालेली स्प्रिंग हाताने ताणून लांब करणे हा दुसरा घरगुती उपाय. लांबी वाढते, पण तो ताण तारेत नवे दोष निर्माण करतो आणि काही फैरींत स्प्रिंग पुन्हा जागेवर येते. ताणलेली स्प्रिंग ही दुरुस्त झालेली स्प्रिंग नव्हे.

तिसरा समज, ‘जास्त कडक तितकी चांगली’. फाजील कडक स्प्रिंगमुळे बोल्ट पुरेसा मागेच जात नाही, पुंगळी अडकते, शेवटच्या फैरीनंतर बोल्ट उघडा राहत नाही. गॅरंडमध्ये जड गोळ्यांचे, सावकाश जळणाऱ्या दारूचे काडतूस वापरल्याने ऑपरेटिंग रॉड वाकू शकतो. त्यावर कडक स्प्रिंग हा उपाय नाही, योग्य काडतूस हाच उपाय.

भारतीय संदर्भ

मराठी वाचकाला अर्धस्वयंचलित रायफल परिचित आहे ती ‘एसएलआर’ या नावाने. १९६२ च्या चीन युद्धात भारतीय जवान .३०३ बोअरच्या, प्रत्येक फैरीनंतर हाताने बोल्ट ओढाव्या लागणाऱ्या रायफली घेऊन लढले. त्यानंतर पश्चिम बंगालमधील इशापूर येथील कारखान्यात ७.६२ मिलिमीटरची सेल्फ लोडिंग रायफल तयार होऊ लागली. बेल्जियमच्या ‘एफएन एफएएल’ या रायफलीचे हे भारतीय रूप. लष्करात तिची जागा नंतर ‘इन्सास’ने घेतली, तरी महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या पोलिस दलांत ती पुढेही दिसत राहिली.

एसएलआरच्या दस्त्यात एकात एक बसवलेल्या दोन स्प्रिंगा असतात. एक तुटली तरी दुसरी काम ओढते आणि रायफल चालू राहते. हा गुण आहे आणि धोकाही. कारण दोष लपतो. शिवाय या रायफलीत वायूचे प्रमाण कमी-अधिक करण्याची सोय आहे. थकलेल्या स्प्रिंगची उणीव वायूच्या कळीने झाकण्याचा मोह त्यामुळे होतो. तो टाळावा. वायू जुळवण्यापूर्वी दोन्ही स्प्रिंगा बाहेर काढून पाहणे हा योग्य क्रम होय, आणि बदलायच्या झाल्यास दोन्ही एकदम बदलाव्यात.

क्रीडा नेमबाजीचा प्रश्न निराळा. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे जगज्जेतेपद मिळवले, स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले, तो ५० मीटर रायफलीचा प्रकार. त्यात काडतूस हाताने एकेक भरले जाते. तेथे बोल्ट परत आणणारी स्प्रिंग नसतेच. महत्त्व असते ते फायरिंग पिनच्या आणि चापाच्या स्प्रिंगला. तिचा जोर बदलला तर रायफल अडकत नाही, पण गोळ्यांचा नेम विखुरतो.

भारतात शस्त्र अधिनियम १९५९ आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनी अर्धस्वयंचलित रायफलींवर कडक निर्बंध घातले आहेत. ज्यांच्याकडे त्या कायदेशीर आहेत, त्यांनीही अंतर्गत भागांचे काम अधिकृत शस्त्र-कारागिराकडूनच करून घ्यावे.

थोडक्यात

स्प्रिंग बदलण्याची वेळ चार गोष्टींवरून ठरते : निर्मात्याने किंवा लष्करी पुस्तिकेने दिलेली किमान लांबी, झालेल्या फैरींची संख्या, डोळ्यांना दिसणारी झीज आणि रायफलीच्या वागण्यातील बदल. यांपैकी कोणतीही एक गोष्ट मर्यादा ओलांडत असेल तर बाकीच्या तिन्हींची वाट पाहू नये. इतिहास माहीत नसलेली जुनी रायफल हाती आली, तर मोजमापाच्या खटाटोपापेक्षा सर्व स्प्रिंगा नव्या घालून फैरींची नोंदवही पहिल्या पानापासून सुरू करणे अधिक शहाणपणाचे.